बालकाचा घरातील कोपरा



बालशिक्षण म्हटले की रंगीत तक्ते, विकतची खेळणी आणि वेगळी खोली असे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. तेवढी ऐपत नाही, म्हणून मुलाची पहिली पाच वर्षे तशीच जाऊ द्यावयाची, असा निर्णय मग कोणी न बोलताच घरोघर होऊन जातो. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यासारख्या वस्तीत त्याची किंमत अधिकच पडते. येथील मराठी घरातले मूल सहाव्या वर्षी बहुधा हिंदी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते. तोपर्यंत घरच्या भाषेची जेवढी शिदोरी बांधली गेली असेल, तेवढ्याच बळावर त्याला दुसरी भाषा पेलावयाची असते.

महाग साधनांवाचून बालशिक्षण होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर बोर्डी येथे मिळाले आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी निघाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. कोणी गुरांमागे जाई, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. तेव्हा शिक्षिकाच पाड्यावर गेल्या आणि झोपडीपुढच्या अंगणात बालवाडी भरू लागली. नखे कापणे, केस विंचरणे हाही तेथे पाठच होता. माँटेसरी पद्धतीच्या घोटीव लाकडी साधनांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्यामुळे भावंडे सांभाळणाऱ्या मुलींनाही शिकता आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. स्वतः माँटेसरीबाईंचे पहिले बालगृहही १९०७ साली रोममधील गरीब कामकऱ्यांच्या चाळीतच उघडले होते; ही श्रीमंतांची पद्धत आहे, हा समज मागाहूनचा.

परंतु अंगणवाडी दिवसाचे काही तासच भरते. उरलेला वेळ मूल घरात असते, आणि घरात त्याच्या उंचीचे असे सहसा काहीच नसते. खुंटी उंच, फडताळ उंच, पाण्याचा माठ उंच. म्हणून प्रथम हवी ती एक चटई अंथरण्याइतकी, मुलाच्या हक्काची जागा. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर एक फळी, किंवा आडवे ठेवलेले खोके पुरते. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवून खडू दिला की मूल उभ्याने हवे तेवढे गिरवू शकते.

ज्या घरात माग चालतो, तेथे हा कोपरा मागापासून शक्य तितका दूर असावा. खडखडाटात मुलाला शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट उच्चारताही येत नाही. शिवाय सुताचे तूस उडते ते वेगळेच. जागा नसेल तर ओसरी चालेल. उन्हाळ्यात सकाळी अंगणातले झाड उत्तम.

फळीवर एका वेळी चार-पाच वस्तूच ठेवाव्यात आणि आठवड्याने बदलाव्यात. तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, कणकेचा गोळा मळणे, शेंगा सोलणे, सरकी व चिंचोके वेगळे करणे, केळीच्या सोपटाची होडी करणे, ही कामे बोटांना वळण लावतात. मात्र तीन वर्षांखालील मुलाच्या हाती बिया व मणी देऊ नयेत. ते नाकात, घशात जातात. हात चालू असताना मोठ्यांनी बोलत राहावे: हे जड, ते हलके, ही ओंजळ, ती चिमूट. येथे आजीइतका चांगला शिक्षक मिळणे कठीण. पाटीवर अक्षरे घोटवून घेण्याची घाई तिसऱ्या वर्षी करणे म्हणजे बोटांवर आणि मनावर, दोहोंवर जुलूम होय. पाहुण्यांपुढे बाराखडी म्हणवून घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी.

अंगणवाडी कार्यकर्ती गृहभेटीस गेली म्हणजे ‘मुलाला लिहिता येते काय?’ असे न विचारता ‘मुलाची जागा कोणती?’ असे तिने विचारावे, आणि पर्यवेक्षकांनी त्याची नोंद पाहावी. पहिलीच्या शिक्षकाने मूल मराठीत उत्तर देते म्हणून त्याला मठ्ठ ठरवू नये. तोच शब्द हिंदीत त्याच्याजवळ ठेवावा.

मोठी बहीण शाळेतून आली की तिचे दप्तरही याच कोपऱ्यात यावे. ती वाचत बसली की धाकटे तिच्या शेजारी पुस्तक उलटे धरून बसते. ते सुलटे करून देण्याची घाई करू नये; काही दिवसांत चित्रे पाहून ते स्वतःच सुलटे धरते.