घरची शाळा आणि कडेवरचे मूल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमची दोन मुले गेली तीन वर्षे शाळेत न जाता घरीच शिकत आहेत, ही वार्ता मंडळात पोहोचल्यापासून आम्हा उभयतांस दोन प्रश्न वारंवार विचारण्यात येतात. ‘हे कायद्यात बसते काय?’ हा पहिला. आणि ‘घरात दीड वर्षाचे मूल असता हे जमते तरी कसे?’ हा दुसरा. पहिला प्रश्न बहुधा बंधू विचारतात, दुसरा भगिनी. चिटणीसांच्या आज्ञेवरून दोहोंचे उत्तर आज यथामती देत आहोत.

प्रथम हे सांगणे अवश्य आहे की, आम्ही शाळेचे वैरी नव्हे. बदलीच्या नोकरीमुळे थोड्याच काळात तीन गावे झाली आणि प्रत्येक ठिकाणी मुलांना शाळा, माध्यम आणि सोबती नव्याने जोडावे लागले. म्हणून हा मार्ग पत्करला. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या बालकास शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. घरी शिकविण्याची निराळी तरतूद त्यात केलेली नाही. परीक्षेचा मार्ग मात्र मोकळा आहे. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीच्या तोडीची परीक्षा 14 वर्षे पूर्ण झालेल्यास देता येते. आणि खालच्या तीन पायऱ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवी यांच्या बरोबरीच्या आहेत. आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म तर आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. जो हा मार्ग घेईल त्याने परीक्षेचा विचार आरंभीच करून ठेवावा.

आता दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर देताना आम्हांस आमच्या एका अपराधाची कबुली देणे भाग आहे.

आमची थोरली बारा वर्षांची, मधला नऊ वर्षांचा. धाकटा पावले टाकू लागल्यावर घरच्या शाळेची घडी विस्कटली. तरी अभ्यास चालू आहे अशी आमची समजूत होती. संक्रांतीच्या सुमारास दोघांच्या वह्या तपासावयास घेतल्या. मधल्याची गणिताची वही भरलेली होती. थोरलीच्या वहीत पानापानावर तारीख, तिच्याखाली एक उदाहरण, आणि तेही दुसऱ्या पायरीवर थांबलेले. समासात बारीक अक्षरात लिहिलेले : ‘बाळ उठले.’ अशा नोंदी आम्ही मोजल्या, त्या एकवीस भरल्या.

बाळ रडले की ‘ताई, घे ग जरा त्याला’ हे शब्द आमच्या तोंडून आपोआप निघत. मधला जवळच बसलेला असे. पण त्याला हाक मारावी असे आम्हांस एकदाही सुचले नाही. मुलगी निमूटपणे उठे. तिने तक्रार केली नाही, म्हणून तिचे काही बिघडत नाही असे आम्ही मानले. शाळेत जाणाऱ्या मुलीला निदान पाच-सहा तास तरी कोणी हाक मारीत नाही. घरी शिकणाऱ्या मुलीला तेवढेही संरक्षण नसते. घरच्या शाळेतील खरा धोका हा आहे.

हा धोका नवा नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला आणि 1957 साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण कोणाला गुरे राखावयाची असत, तर कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असे. ‘मूल घरी ठेवून ये’ असे त्या मुलीला सांगून काय उपयोग? घरची माणसे तर कामावर गेलेली. या विदुषींनी कडेवरचे मूलच शाळेत घेतले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हणतात. धाकट्याची सोय झाली तरच थोरलीचे शिक्षण होते, हे सूत्र त्यांनी कृतीने दाखविले.

तेच सूत्र आम्ही आमच्या दोन खोल्यांत लावून पाहिले. या वयाचे मूल दुपारी बहुधा तास-दीड तास झोपते. तो वेळ पूर्वी आम्ही घरकामात घालवीत असू; आता तो गणित आणि व्याकरण यांसाठी राखून ठेवला. भांडी थांबतात, त्रैराशिक थांबत नाही. इतिहास, गोष्टी व कविता मोठ्याने वाचावयाच्या असतात. तेव्हा बाळ मांडीवर असले तरी बिघडत नाही, उलट त्याच्या कानांवर भाषा पडते. एका पेटीत डबे, झाकणे व लाकडी चमचे ठेवले आहेत. ती अभ्यासाच्या वेळीच उघडते, म्हणून तिचे नावीन्य टिकते. कंपासपेटी, मणी, चिंचोके व घड्याळाचे छोटे सेल उंच फळीवर गेले. भ्रमणध्वनी बाळाच्या हाती द्यावयाचा नाही असे ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन वर्षांखालील मुलांस पडद्यापासून दूर ठेवण्याचाच सल्ला दिला आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम निराळाच. बाळास सांभाळण्याच्या पाळ्या भिंतीवर लिहून लावल्या : आई, बाबा, मधला, थोरली. मुलांची पाळी घड्याळी पंधरा मिनिटांची, आणि आम्हांपैकी कोणीतरी हाकेच्या अंतरावर. थोरली वही घेऊन बसली असता तिला कोणीही हाक मारावयाची नाही. आरंभी मधला कुरकुरला आणि आम्हीही चुकलो. सवय जिभेला असते. आता तोच बाळाच्या नव्या शब्दांची यादी ठेवतो आणि दर महिन्यास दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची खूण करतो. निरीक्षण आणि मोजमाप यांचा पाठ त्याला याहून चांगला कोणी दिला असता, असे आम्हांस वाटत नाही.

सर्व सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. दात येताना आठवडा वाया जातो, ताप आला की शाळा बंद पडते. परंतु थोरलीच्या समासात गेल्या तीन महिन्यांत ‘बाळ उठले’ असे एकदाच लिहिलेले आढळले, आणि त्या दिवशी पाळी आमचीच होती.

मंडळास एक नम्र विनंती करून थांबतो. आपले सभागृह सकाळी रिकामे असते. आठवड्यातून दोन सकाळी ते उघडावे. ज्येष्ठ भगिनींनी तान्ह्या मुलांस एका बाजूस सांभाळावे आणि मोठ्या मुलींनी दुसऱ्या बाजूस निवांत अभ्यास करावा. यास नव्या निधीची आवश्यकता नाही, एक किल्ली आणि दोन सतरंज्या पुरेत. आपण दर वर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, तो यथायोग्यच आहे. परंतु ज्या मुलीचे गुण कमी पडले, तिच्या वहीचा समास एकदा प्रत्येक घराने पाहावा, एवढीच प्रार्थना.