होळकरांचे मैदान आणि आपल्या मुली

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)





इंदुरातल्या मराठी घरात क्रिकेटचा विषय निघाला की गाडी होळकर संघावर येतेच. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड ही नावे आपण आजोबांच्या तोंडून ऐकत मोठे झालो. 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 अशी चार वेळा या संघाने रणजी करंडक जिंकला. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध इथेच 8 बाद 912 धावा झाल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके ठोकली. शेवटचे विजेतेपद तर बंगालला कलकत्त्यात गाठून मिळवले. ही उजळणी आपल्याला तोंडपाठ आहे.

आता एक सोपा प्रश्न. त्यानंतर अनेक वर्षांनी आपल्या राज्याच्या आणखी एका संघाने बंगालला अंतिम सामन्यात हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणले. कोणता संघ? कधी?

सभागृहात जी शांतता आहे, तीच आजच्या बोलण्याचे कारण आहे. तो संघ मध्य प्रदेशच्या मुलींचा. स्पर्धा वरिष्ठ महिला एकदिवसीय करंडकाची, हंगाम 2024-25 चा. या संघाचे हे पहिलेच विजेतेपद. अंतिम सामन्यात क्रांती गौड हिने 25 धावांत 4 बळी घेतले. 2022 च्या जूनमध्ये चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलांनी मुंबईला नमवून रणजी करंडक आणला, तेव्हा आपण पेढे वाटले आणि ते योग्यच होते. मुलींच्या वेळी मात्र आपल्याला बातमीसुद्धा नीट कळली नाही.

या विजेतेपदाचे मोल कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल. आपल्या देशात महिला क्रिकेटची संघटना 1973 मध्ये उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली. तेव्हा संघ होते जेमतेम तीन. पुढे 2006 मध्ये हा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला आणि राज्यांच्या संघांची एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली. ती बहुतेक वर्षे एकाच संघाने जिंकली, रेल्वेने. याचे कारण साधे आहे. खेळातून पोट भरत नव्हते आणि रेल्वे नोकरी देत होती. मुलगी राज्याकडून चमकली की रेल्वेत लागायची आणि पुढच्या वर्षी आपल्याच राज्याविरुद्ध उभी राहायची. यात तिचा काही दोष नाही. महिन्याचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन हे आपल्या घरांत सर्वांत आधी पाहिले जाते, तसे तिच्याही घरी पाहिले गेले. असा तयार मोहरा दरवर्षी हातचा जाणाऱ्या राज्याने करंडक उचलणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

आणि हे यश आणणाऱ्या मुली येतात कुठून? क्रांती छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची. बुंदेलखंडातल्या त्या गावात मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळत तिचा हात तयार झाला. करंडक जिंकला त्याच हंगामानंतर, मे 2025 मध्ये, ती भारताकडून खेळली आणि जुलैमध्ये इंग्लंडमध्ये चेस्टर-ली-स्ट्रीटला तिने 52 धावांत 6 बळी घेतले. पूजा वस्त्राकर शहडोलची. 2022 च्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध डाव कोसळत असताना तिने 67 धावा करून तो सावरला. सौम्या तिवारी भोपाळची. 2023 मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिने नाबाद राहून संपवला. वैष्णवी शर्मा ग्वाल्हेरची. 2025 च्या त्याच स्पर्धेत तिने 17 बळी घेतले, त्यात मलेशियाविरुद्ध हॅट्‌ट्रिकसह 5 धावांत 5 बळी.

घुवारा, शहडोल, भोपाळ, ग्वाल्हेर. या यादीत इंदूर नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. राज्य संघटनेचे कार्यालय इथे, मोठे मैदान इथे, होळकरांचा वारसा इथे.

इंदूर कायमच मागे होते असेही नाही. संध्या अग्रवाल याच गावच्या. 1986 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात वूस्टरला त्यांनी नऊ तासांहून अधिक वेळ खेळून 190 धावा केल्या. महिलांच्या कसोटीतला 189 धावांचा विक्रम 1935 पासून टिकून होता, तो त्यांनी मोडला. 13 कसोटींत त्यांची सरासरी पन्नासच्या वर आहे. मुश्ताक अलींच्या मँचेस्टरच्या शतकाची गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. संध्याताईंच्या वूस्टरची किती घरांत सांगितली जाते? किरकिरे हे आडनाव आपल्याला काही परके नाही. अरुंधती किरकिरे भारताकडून खेळल्या, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

आणखी एक गोष्ट. आज ज्याला आपण होळकर स्टेडियम म्हणतो, त्याचे जुने नाव महाराणी उषाराजे ट्रस्ट क्रिकेट ग्राउंड. 2010 मध्ये नाव बदलले. म्हणजे आपल्या शहराच्या मुख्य मैदानावर मूळ नाव एका स्त्रीचेच होते.

याच मैदानावर 2025 च्या ऑक्टोबरमध्ये महिला विश्वचषकाचे पाच सामने झाले. दिवाळीच्या तोंडावर, 19 तारखेला, भारत इंग्लंडकडून अवघ्या 4 धावांनी हरला. त्या दिवशी क्रांती भारताकडून खेळत होती, आपल्या राज्याच्या मैदानावर. पुढे 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला आणि सारा देश नाचला. पण त्याच ऑक्टोबरात आपल्या शहरात ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंची रस्त्याने चालताना छेड काढली गेली. आरोपी पकडला गेला, तरी अहिल्यादेवींचे नाव सांगणाऱ्या शहराची मान खाली गेली. देशोदेशी नावाजलेल्या खेळाडूंवर ही वेळ येते, तर पहाटे किट पाठीवर टाकून सरावाला निघालेल्या आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला काय वाटत असेल? पुष्कळ मुलींचा खेळ या काळजीपोटीच दहावीच्या आसपास सुटतो. तो मैदानावर नाही, घर ते मैदान या रस्त्यावर सुटतो.

पैशाची बाजू आता थोडी सुधारते आहे. 2022 मध्ये भारतीय संघातल्या स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान झाले. डिसेंबर 2025 मध्ये राज्यांकडून खेळणाऱ्या वरिष्ठ मुलींचे मानधन दिवसाला 20 हजारांवरून 50 हजार रुपये केले गेले. आता राज्याच्या संघात राहूनही घर चालू शकेल, अशी आशा आहे. हे मंडळाने केले. जे मंडळाने करायचे नाही, आपणच करायचे, ते मात्र अजून बाकी आहे.

आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, पाहायला जाऊ या. राज्य पातळीवरच्या मुलींच्या सामन्यांना बहुधा पालक सोडले तर कोणी नसते. टाळी वाजवायला चाळीस माणसे आली, तरी खेळणाऱ्या मुलीला आपण कोणीतरी आहोत असे वाटते. दुसरी गोष्ट, सोबत. निवृत्त मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि सकाळी फिरायला जातातच. वस्तीतल्या चार मुलींना मैदानापर्यंत पोहोचवून आणायचे काम त्यांनी वाटून घेतले, तर कितीतरी आयांचा जीव भांड्यात पडेल.

तिसरी गोष्ट जरा मोठी. आपल्या पणजोबांपैकी कितीतरी जण वार लावून जेवले आणि शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या अन्नावर वकील, मास्तर, डॉक्टर उभे राहिले आणि त्यांच्या पुण्याईवर आपली घरे उभी आहेत. आज लहान गावांतून मुली सराव-शिबिरांसाठी, निवड चाचण्यांसाठी इंदुरात येतात. एखाद्या मुलीला आठवड्यातून एक दिवस घरचे वरण-भात-पोळी आणि पालकांना विश्वास वाटेल असे एक घर देणे आपल्याला जड नाही. ती मुलगी आडनावाने मराठी असेल-नसेल. होळकरांनी नायडूंना आणि मुश्ताक अलींना आपले म्हटले, तेव्हा आडनाव कुठे पाहिले होते? म्हणून तर तो संघ मोठा झाला.

महाराज होते, त्यांनी राजाश्रय दिला. आता महाराज नाहीत. आश्रय द्यायचा तर तो आपल्याच उंबऱ्यांवरून द्यायला हवा. या दहा दिवसांत आपल्या मंडळात संगीत खुर्ची होईल, रांगोळी होईल, आरत्या होतील. जाताना कार्यकर्त्यांकडे एक वही ठेवली आहे. कोणाला सोबत देता येईल, कोणाला वार देता येईल, त्यांनी त्यात नाव लिहावे. विसर्जनानंतर पहिले काम त्या वहीचे करू या.

गणपती बाप्पा मोरया!