गंगापूरचं पाणी, नागऱ्याची बोडी

मी मूळचा गोंदियाजवळच्या नागऱ्याचा, सध्या पुण्यात कोडिंग करतो. नोव्हेंबरात नाशिकला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. आजूबाजूला द्राक्षमळे, वायनरी. पण पहाटे काठावर फक्त पाणी अन् पक्षी. मी बाबांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "छान आहे. आपली बोडी गाळानं भरली. यंदा धानाला शेवटचं पाणी पुरलं नाही."

मला हे माहीतच नव्हतं! आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधली, त्यांवर धान पिकलं. आणि मी शांतता शोधत नाशिकला! उन्हाळ्यात गावी जातोय, गाळ काढायला. तुमच्या गावच्या तळ्यात पाणी आहे का? घरी फोन करून विचारा.