सावित्रीबाईंचा पुतळा आणि फाट्याची वाट

(वाशीम जिल्ह्यातील एका गावी, सावित्रीबाईंच्या जयंतीस, ता. ३ जानेवारी रोजी झालेले व्याख्यान)



या गावी सावित्रीबाईंचा पुतळा बसवावा असे ठरत आहे. वर्गणीची वहीही निघाली आहे. आम्हास आनंद आहे. वहीत आमचेही नाव आहे. परंतु पुतळा कशासाठी, हे आधी समजून घेऊ.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले, आणि अमेरिकेत ज्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांस मोकळे केले, त्यांस ते अर्पण केले. त्या देशात सोजर्नर ट्रुथ नावाची बाई होऊन गेली. ती गुलाम म्हणून जन्मली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा लहान मुलगा कायदा मोडून दूर प्रांती विकला गेला, तेव्हा ती कोर्टात गेली व १८२८ साली त्यास परत मिळविले. पुढे गुलामगिरीविरुद्ध व बायांच्या हक्कांसाठी बोलत ती गावोगाव फिरली. २००९ साली अमेरिकेच्या संसदभवनात तिचा अर्धपुतळा बसला. ते भवन बांधताना गुलामही राबविले होते. त्या भवनात गुलाम बाईस मानाची जागा मिळण्यास दोनशे वर्षे लागली.

आमच्याकडे माणसास अक्षर न देऊन गुलामीत ठेवीत. नायगावच्या माळ्याच्या या लेकीने १८४८ सालापासून पुण्यात मुलींस शिकविले. वाटेत लोक शेण-चिखल फेकीत. बाई दुसरे लुगडे बरोबर नेत. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. आमच्या लोकांस तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरीत, हे तिने जगास सांगितले. अक्षर आले म्हणून सांगता आले! १८९७ साली प्लेगाच्या रोग्यांची सेवा करता करता बाई वारल्या. २०१४ साली पुणे विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले आणि २०२२ साली तेथे त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला.

आता आपल्या गावाचे पाहू. मागल्या साली सातवी झालेल्या पाच मुलींपैकी तिघी घरी बसल्या. एस.टी.चा पास मुलींस फुकट आहे. पण गाडी फाट्यावर थांबते, आणि फाटा अर्ध्या कोसावर. आईबापास त्या वाटेची भीती वाटते, व ती खोटी नाही. आज दोघी तुरीत राबतात, तिसरीचे लग्न जुळवीत आहेत. आम्ही त्यांचे दाखले लिहून दिले आणि गप्प बसलो. हा दोष आमचा.

सबब आमची विनंती अशी, की वर्गणीचे दोन वाटे करा. पहिल्या वाट्यातून मुलींस फाट्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ ने-आण करणारी गाडी लावा. दुसरा वाटा पुतळ्याचा. तो एक साल उशिरा बसला तरी सावित्रीबाई रागावणार नाहीत. गाडी मिळेपर्यंत आळीपाळीने मुलींसोबत चालत जाऊ. सकाळची पहिली पाळी आमची.

आणि पुतळा उघडण्यास पुढारी बोलावू नका. त्या तिघींपैकी एकीच्या हाते पडदा काढा. ती तेव्हा शाळेत जात असावी, आणि चौथऱ्यावरील अक्षरे तिनेच आपणा सर्वांस वाचून दाखवावीत.