अम्मीनं ऐकलेली ‘धग’

माझ्या अम्मीला उर्दू वाचता येई, देवनागरी नाही. घरातल्या मराठी पुस्तकांवरची धूळ तेवढी ती झटकायची. माझी कविता तिनं पहिल्यांदा ऐकली ती अकोला आकाशवाणीवरून. ऐकून म्हणाली, “बस, इत्ताच?”

मग उद्धव शेळके यांची ‘धग’ मी तिला रोज रात्री वाचून दाखवू लागलो. १९६० सालची कादंबरी. संवाद आपल्या वऱ्हाडीत. कौतिक बोलू लागली की अम्मीचं हातातलं काम थांबायचं. ही बोली तिनं अमरावतीच्या बाजारात जन्मभर ऐकलेली. लिपी आडवी येत होती, भाषा कुठं परकी होती?

२०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं. आज मोबाइलवर मराठी पुस्तकं सहज ऐकता येतात. मीही ऐकतो. पण वऱ्हाडी संवाद कुणी पुणेरी वळणानं वाचले, की कान अडखळतो. ‘काहून’ला कसा हेल द्यायचा, ते छापील पानावर नसतं, वाचणाऱ्याच्या जिभेवर असावं लागतं.

अम्मी आता नाही. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही कव्वाल्या ऐकायचो. ‘धग’चं ते वाचन, मधूनमधून तिचे हुंकार, टेप करून ठेवावेत हे काही सुचलं नाही.