पेशीचें जगणें आणि मरणें

पेशी आपोआप जगते आणि मरण तिच्यावर बाहेरून येतें, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. मरणाची सिद्धता पेशीच्या पोटांतच असते. इतर पेशींकडून ‘जग’ असा निरोप येत राहतो, तोंवरच ती आवरलेली असते.

हा निरोप वृद्धिकारक प्रथिनें आणतात. १९३८ सालच्या वंशभेदी कायद्यांमुळें इटलींतील ज्यू विदुषी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना विद्यापीठाचीं दारें बंद झालीं. त्यांनीं तुरिन येथें निजावयाच्या खोलींतच प्रयोगशाळा थाटली. कोंबडीच्या गर्भांतील अवयवाचा अंकुर छाटला, कीं तिकडे जाणाऱ्या मज्जापेशी जन्मतात, वाढूं लागतात, पण पुढें मरतात, असें त्यांना आढळलें. पुढें अमेरिकेंत स्टॅन्ले कोहेन यांच्यासह त्यांनीं मज्जावर्धक प्रथिनाचा छडा लावला; १९८६ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हें प्रथिन पेशीच्या पृष्ठावरील ग्राहकास चिकटलें, कीं आंतील संहारक विकरें निष्क्रिय राहतात. निरोप थांबला, कीं तींच पेशीला आंतून कापून काढतात. शेजारच्या पेशी अवशेष गिळतात, सहसा सूजही येत नाहीं.

कर्करोगाची पेशी या निरोपावांचूनच जगावयास शिकते. मरण नाकारणारी ती पेशी सर्व देहावर मरण ओढवते. म्हणून वेळीं मरण्याची तयारी हा पेशीचा दोष नव्हे. देहाचें स्वास्थ्य त्यावरच उभें आहे.