गाणारे बघून बांधलेली चाल

मघाच्या समूहगीताला धरूनच बोलतो. नवी प्रार्थना बांधणाऱ्याने आधी चाल बांधून मग गाणारे शोधावेत, की समोरचे गळे बघून चाल बांधावी? मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि साक्षीला एक शाळाच आणतो. 1723 साली जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेचा कॅन्टर, म्हणजे संगीतप्रमुख, झाला. शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांवर गावातल्या चार चर्चांचं गाणं भागवायचं होतं. 1730 साली त्याने नगरपरिषदेला हिशेबच लिहून दिला: 17 मुलं कामाची, 20 अजून तयार व्हायची, 17 कुचकामी. (आज असा कागद सूचनाफलकावर लागला, तर पालक दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात!)

कोणी म्हणेल, हे तर गाऱ्हाणं. त्यात चाल बांधण्याचं तत्त्व कुठे आलं? गाऱ्हाणं खरंच, पण तोवर सात वर्षं तो याच मुलांसाठी लिहीत होता. 1724 मध्ये सुरू केलेली कॅन्टाटांची, म्हणजे उपासनेत गायच्या वाद्यांसहित रचनांची, मालिका बघा. आधाराला लोकांच्या तोंडी असलेलं भक्तिगीत. पहिल्या समूहगानात ती ओळखीची चाल बहुतेकदा सगळ्यात वरच्या आवाजाकडे, म्हणजे लहान मुलांकडे, लांब लांब स्वरांत. सूर ढळू नये म्हणून अनेकदा जोडीला एखादं फुंकवाद्य. खरी गुंतागुंत खालच्या तीन आवाजांत.

मग दर्जा घसरत नाही का? बाखचंच 1736 सालचं निवेदन उलट सांगतं. शाळेतल्या मुलांचे वेगवेगळे गायनसंच होते; त्यातला पहिला संच गातो त्या रचना, बहुतेक त्याच्याच, दुसऱ्या संचाच्या रचनांपेक्षा कितीतरी अवघड आहेत, असं तो स्पष्ट लिहितो. जेमतेम साधं भक्तिगीत म्हणू शकणारी मुलं सेंट पीटर्स चर्चकडे जात. म्हणजे त्याने सगळ्यांसाठी सोपं लिहिलं नाही, ज्याला जे पेलेल ते नेमून दिलं. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि कीर्तन हाताशी घेतलं, तेही मराठी माणसाच्या गळ्यात काय आधीच आहे हे ओळखून.

तेव्हा पुढच्या वर्षी शाळेसाठी नवी प्रार्थना बांधायची झाली, तर संगीताच्या सरांना एकच विनंती: नववीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटतो आहे, त्यांना प्रेक्षकांत बसवू नका. त्यांच्यासाठी खर्जातली चार स्वरांची एक ओळ मुद्दाम बांधा.